पाळी लांबली? आधी हिशेब करा, मग बोला

कालव्याच्या पाण्याची पाळी आठ दिवस लांबली, तर आपण काय करतो? पाटकऱ्याला गाठतो. शाखा कचेरीत जाऊन बसतो. धरणात साठा किती, गेट कधी उचलले, वरच्या अंगाला कुणी पाणी अडवले काय, याची चौकशी करतो. गहू ओंबीवर आलेला असतो, जीव टांगणीला लागलेला असतो. पण म्हणून कुणी एकच कारण मनाशी धरून दुसऱ्याच्या अंगावर धावून जात नाही. पाणी लांबायला दहा कारणे असतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

आता त्याच शेतकऱ्याच्या घरात बघा. घरातल्या बाईची पाळी आठ दिवस लांबलेली असते. त्याला ते बहुधा सांगितलेच जात नाही. सासूच्या मात्र ध्यानात आलेले असते, कारण या खेपेला सून ‘बाहेर बसली’ नाही. नवरा घरी असेल तर ‘दिवस राहिले’ म्हणून आनंद. नवरा पुण्या-मुंबईला कामाला असेल, किंवा पोरीचे लग्नच झालेले नसेल, तर संशय. तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि जिची पाळी लांबली, तिला सरळ विचारण्याची तर आपल्याकडे पद्धतच नाही.

तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर हा बायकांचा विषय कशाला? बंधूंनो, खुरपणी कोण करते? कापूस कोण वेचते, भाताची लावणी कोण करते, गोठ्यातले शेण कोण काढते? ज्या अंगावर निम्मी शेती उभी आहे, त्या अंगाची तक्रार शेतीच्या पानावर नाही मांडायची तर कुठे मांडायची? ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज बदलला तर आपण लगेच मिस्त्री बोलावतो. इथे मात्र ‘अळीमिळी गुपचिळी’.

हिशेब जनावराचा असतो, माणसाचा नसतो

ज्याच्या दावणीला दुभते जनावर आहे, त्याला गाईच्या माजाचा हिशेब तोंडपाठ असतो. साधारण एकवीस दिवस. गाय भरवली, एकवीस दिवसांनी परत माजावर आली, तर ती ‘उलटली’. नाही आली तर गाभण असेल, पण खात्री नाही. डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. म्हशीचा तर मुका माज, नजर ठेवावी लागते. जनावर माजावरच येत नसेल तर आपण काय म्हणतो? ‘चारा कमी पडला असेल, क्षार मिश्रण द्यायला पाहिजे.’ त्या मुक्या जनावरावर कुणी आळ घेत नाही. खाणे बघतो, दुखणे बघतो.

बाई म्हणजे जनावर नव्हे, आणि पाळी म्हणजे माजही नव्हे. गाईचा माज बीज सुटण्याच्या सुमाराला असतो. बाईची पाळी बीज सुटून गेल्यावर, गर्भ न राहिल्यास येते. पण हिशेब ठेवण्याची आणि कारण शोधण्याची जी अक्कल आपण गोठ्यात दाखवतो, तीच घरात दाखवायला काय हरकत आहे?

हिशेब अगदी सोपा आहे. पाळी ज्या दिवशी सुरू झाली, त्या तारखेवर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एक खूण करायची. पुढची पाळी सुरू होईल त्या तारखेला दुसरी खूण. मधले दिवस मोजायचे. ‘दर महिन्याच्या पाच तारखेला’ असा पाळीचा नेम नसतो. २८ दिवस ही नुसती सरासरी आहे. मोठ्या बाईची पाळी २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने येत असेल, तर ती ठीकच आहे. महिन्यागणिक चार-सहा दिवस पुढे-मागे होणे हेही नेहमीचे. जिची पाळी कायमच ३४ दिवसांनी येते, तिच्या घरात दर महिन्याला ‘लांबली, लांबली’ म्हणून कुजबुज होत असेल, तर चूक तिच्या अंगाची नाही, मोजणाऱ्यांची आहे.

पाळी लांबते म्हणजे होते काय?

पाण्याच्या पाळीवरूनच समजून घेऊ. टेलला पाणी उशिरा आले, तर ते वरून उशिरा सुटलेले असते. बाईच्या अंगातही तसेच आहे. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. वरून मेंदूचा हुकूम आला, की ती रक्तातून बीजकोषांना निरोप धाडते. त्या निरोपावर एक स्त्रीबीज पिकते आणि सुटते. इकडे गर्भाशयात आतून मऊ अस्तर तयार होत असते. गर्भ राहिला तर त्याला बसायला जागा हवी म्हणून. बीज सुटल्यावर गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी ते अस्तर रक्तावाटे बाहेर पडते. हीच पाळी. यात विटाळ कसला आणि कावळा कुठला?

शेवटचे दोन आठवडे फारसे कमी-जास्त होत नाहीत. कमी-जास्त होतात ते बीज पिकण्याचे दिवस. म्हणून गर्भ राहिलेला नसताना पाळी लांबली, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की या खेपेला बीज उशिरा सुटले किंवा सुटलेच नाही. वरचा हुकूम का अडला, हे शोधायचे असते. अंगावर ताण पडला, पोटाला कमी पडले, आजार आला, की शरीर आपणहून ठरवते, ‘आता गर्भ धरण्याचे दिवस नाहीत.’ दुष्काळात शहाणा शेतकरी पेरा कमी करतो, तसेच हे आहे.

पहिले कारण: दिवस राहिले का, हे आधी बघा

नवरा-बायकोचा संबंध आलेला असेल, तर पहिली तपासणी गर्भाची. मग ती बाई चाळिशीची असो, अंगावर मूल पिणारी असो, तांबी बसवलेली असो, नाहीतर कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झालेले असो. ऑपरेशन क्वचित फसते, तांबीही क्वचित फसते. आणि फसली तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहण्याचा धोका जास्त असतो.

तपासणीला तालुक्याला जायला लागत नाही. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचे लघवी तपासणीचे किट मोफत मिळते. मेडिकलच्या दुकानातही अशी किट थोड्या पैशात मिळतात. पाळीची तारीख उलटून गेल्यावर सकाळची पहिली लघवी घ्यायची, किटवर लिहिलेले थेंब टाकायचे, सांगितलेली मिनिटे थांबायचे. दोन रेघा उठल्या तर दिवस राहिले. एकच उठली तर नाही. एकच उठली आणि तरीही आठवड्याभरात पाळी आली नाही, तर पुन्हा तपासायचे.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने कानात साठवून ठेवावी. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला जोराची कळ, थोडे थोडे अंगावरून जाणे, घेरी येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, अशी लक्षणे दिसली तर ‘बघू सकाळी’ म्हणायचे नाही. गर्भ नळीत राहून नळी फुटली, तर पोटात रक्त साठते आणि काही तासांत जीव जातो. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

बाकीची कारणे, जी कुणी सांगत नाही

किट ‘नाही’ म्हणाले, की घरातले हात झटकतात. खरे तर पुढची चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी.

वय बघा. पोरीला नहाण आल्यानंतर पहिली दोन-तीन वर्षे पाळी नेमाने येत नाही. दीड महिन्याने येईल, मध्ये एखादा महिना चुकेल. अंगातला कारभार अजून बसायचा असतो. आठवी-नववीतल्या पोरीची पाळी लांबली म्हणून तिच्या दप्तराची झडती घेणाऱ्या आयांनी हे ध्यानात घ्यावे. तीन-तीन महिने पाळी येत नसेल किंवा वयाची पंधरा वर्षे पूर्ण होऊनही नहाण आले नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. दुसऱ्या टोकाला, चाळिशी उलटल्यावर पाळी पुढे-मागे व्हायला लागते आणि पुढे कायमची जाते. चाळिशीच्या आतच गेली, तर ते तपासण्याजोगे आहे.

मूल अंगावर पीत असेल, तर पाळी महिनोन्‌महिने येत नाही. पण ‘पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत’ या भरवशावर राहू नका. पाळी सुरू होण्याआधी बीज सुटते. त्यामुळे पाळी न येताच दुसरे मूल पोटात असल्याचे कळते. पहिल्या सहा महिन्यांत बाळ रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, तेवढ्यापुरताच तो भरवसा धरता येतो.

कुटुंब नियोजनाची साधने बघा. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी मिळते. तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतराने पाळी अनियमित होते, काहींची बंदच होते. इंजेक्शन थांबवल्यावर काही महिन्यांनी परत येते. छायाने सुरुवातीला पाळी लांबू शकते. रक्त ‘आत साठून’ राहते, असे काही नसते. दवाखान्यातल्या ताईंनी हे आधी समजावून सांगितले, तर बाई घाबरून साधन सोडणार नाही.

खाणे आणि कष्ट बघा. पहाटे चारला उठून पाणी, सैपाक, गोठा, मग दिवसभर रान आणि रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर तळाशी उरेल ते. त्यात सोमवार, एकादशी, नवरात्राचे उपास. वजन उतरले, अंगातली चरबी फार कमी झाली, की मेंदू वरूनच पाणी बंद करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. बागायती जिल्हे आणि साखर कारखाने असलेल्या राज्याची ही कथा! रक्त कमी असण्याचे आणि पोटाला कमी पडण्याचे घर एकच असते. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात, शाळेत पोरींना आठवड्याला निळी गोळी मिळते. ती खिडकीबाहेर जाते की पोटात, याची चौकशी आईबापांनी करावी.

मनावरचा घोर बघा. डोक्यावर कर्ज, सोसायटीची नोटीस, घरात कुणाचे मरण, पोरीची दहावीची परीक्षा, नव्या सुनेला सासरची धास्ती, या कशानेही पाळी लांबते. ‘पाळी का आली नाही?’ म्हणून तिला रोज छेडत राहिले, तर त्या घोरानेही ती आणखी लांबू शकते.

काही आजारही असतात. थायरॉईडची गडबड असली तर पाळी बदलते, अंग जड होते, थकवा येतो. बीजकोषांचा एक विकार हल्ली सगळीकडे ‘पीसीओडी’ म्हणून ओळखला जातो. त्यात बीज वेळेवर सुटत नाही, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि केस येतात, बऱ्याच जणींचे वजन वाढते, पुढे साखरेचा आजार होण्याचा धोका असतो. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि एकदम खूप रक्त जाते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास कर्करोगाचाही धोका वाढतो. म्हणून ‘बरे झाले, कटकट गेली’ म्हणून सुटका मानू नका. आपल्या देशात क्षयरोगही गर्भाशयात होतो; पाळी कमी कमी होत बंद पडते आणि मूल होत नाही, तेव्हा तो बाहेर येतो. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. डोक्याच्या आजारावरच्या काही औषधांनीही पाळी थांबते. मात्र अशी औषधे आपल्या मनाने बंद करायची नसतात, डॉक्टरांना सांगायचे असते.

मग दवाखान्यात कधी जायचे? दिवस राहिलेले नसताना तीन महिने पाळी आली नाही तर. नेहमीच ३५ दिवसांपेक्षा उशिरा येत असेल तर. पाळी लांबण्याबरोबर पोटात फार दुखत असेल, छातीतून दूध येत असेल, डोके सतत दुखून नजर अंधुक होत असेल, तर त्याच्याही आधी.

रोग रेड्याला, इंजेक्शन पखालीला

आपण करतो काय? कुणी पपई खायला सांगते, कुणी तीळ-गुळाचा काढा. एवढ्यावर थांबले तर फार बिघडत नाही, फक्त वेळ जातो. कुणी ‘बाहेरचे’ म्हणून अंगाऱ्याला नेते. कुणी जडीबुटीवाल्याकडून ‘पाळी आणायची’ पुडी घेते. त्या पुडीत काय असते, ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

सगळ्यांत वाईट म्हणजे मेडिकलमधून चोरून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या. दिवस किती गेले याचा पत्ता नाही, गर्भ गर्भाशयात आहे की नळीत याचा पत्ता नाही, अंगात रक्त किती याचा पत्ता नाही, आणि गोळ्या घ्यायच्या! रक्त थांबेना झाले, की मग मध्यरात्री जीप शोधायची. वास्तविक यात चोरून करण्यासारखे काही नाही. १९७१ पासून आपल्या देशात गर्भपात कायद्यात बसतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरच्या मताने, आणि कायद्याने ठरवलेल्या काही प्रसंगी २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने तो करता येतो. बाई सज्ञान असेल तर फक्त तिची संमती लागते; नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे.

पोरगी अठराच्या आतली असेल आणि दिवस राहिले असतील, तर कायद्याच्या लेखी तिच्यावर अत्याचार झालेला आहे, गुन्हेगार ती नाही. २०१२ चा पोक्सो कायदा हेच सांगतो. तेव्हा घराण्याच्या अब्रूपायी तिला कोंडून घालणे किंवा घाईघाईने कुणाच्या गळ्यात बांधणे, हा दुसरा गुन्हा होतो.

पिशवीच काढून टाका!

पाळीच्या तक्रारींबद्दलची भीती आणि अडाणीपणा एकत्र आले, की कुठवर जाते, ते बीड जिल्ह्याने दाखवले आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत बसायला आडोसा नाही. पाळी पुढे-मागे झाली, अंगावरून जास्त गेले, पांढरे गेले, कंबर भरून आली, की दवाखान्यात एकच सल्ला, ‘पिशवी खराब झाली, काढून टाका.’ उचलीच्या पैशातून ऑपरेशन, आणि टाके वाळतात न वाळतात तोच परत फडावर.

हा बोभाटा २०१९ साली झाला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर ऐन उमेदीत पाळी जाण्याची सगळी दुखणी मागे लागतात: हाडे ठिसूळ, अंगाची लाही, झोप नाही. बीजकोष ठेवले तरी ते काहीसे लवकर थकतात.

काही गाठी, काही कर्करोग, कशानेही न थांबणारा रक्तस्राव, यांत पिशवी काढावी लागते, हे खरे आहे. पण नुसती पाळी लांबली म्हणून पिशवी काढणे म्हणजे चारी तुंबली म्हणून विहीर बुजवण्यातला प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला आहे. तरी तुमच्या घरात कुणाला असा सल्ला मिळाला, तर जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

आणि मुद्दाम लांबवलेली पाळी

एकीकडे पाळी लांबली म्हणून धास्ती, दुसरीकडे ती लांबावी म्हणून गोळी! गौरी-गणपती आले, पोराचे लग्न आले, वारी निघाली, की मेडिकलवर ‘त्या’ गोळ्यांना मागणी येते. या गोळ्या औषधी संप्रेरकाच्या आहेत. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठरावीक दिवसांपुरत्या घ्यायच्या असतात. ज्या बाईला पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, काविळीसारखा यकृताचा आजार असेल, तिला त्या धोक्याच्या आहेत. दुकानदाराने हे कधी विचारले आहे? शेजारणीच्या डब्यातली गोळी घेणाऱ्या बाईला कोण विचारणार?

आमचे स्पष्ट मत असे, की हा दोष बायकांचा नाही. पाळीतली बाई देवघरात चालत नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायला चालत नाही. पण सोयाबीनच्या रानात दिवसभर खुरपायला बरोबर चालते! रानातल्या पिकाला तिचा विटाळ होत नाही, तर गौरीच्या नैवेद्याला तो कसा होतो? या प्रश्नाचे उत्तर घरातल्या कर्त्या माणसाने द्यावे. आणि उत्तर नसेल, तर ‘गोळी नको घेऊ, तशीच पूजेला बस’ असे एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावे.

गावकारभाऱ्यांनो, तुमच्या हातात पुष्कळ आहे

हा विषय आशाताईंवर ढकलून मोकळे होऊ नका. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो, त्यांनी काही गोष्टी मनावर घेतल्या तर होण्यासारख्या आहेत.

उपकेंद्रात लघवी तपासणीची किट आणि लोहाच्या गोळ्या शिल्लक आहेत का, हे महिन्यातून एकदा विचारा. गाव आरोग्य समितीच्या निधीतून चुना-पावडर आणि सतरंज्यांपलीकडे काही घेता येते का, ते बघा. उपकेंद्राला आतून कडी लागणारी एक खोली आणि पाण्याचा नळ असलेला संडास नसेल, तर बाई तपासायला येणार कशी? शाळेत पोरींना पाळीची माहिती देताना पोरांना मैदानावर हाकलू नका; उद्या नवरे तेच होणार आहेत.

गावातून ऊसतोडीला, वीटभट्टीला माणसे जातात, त्यांची यादी पंचायतीत असावी. निघण्याआधी बायकांची आरोग्य तपासणी करून त्याचा कागद त्यांच्या हातात द्यावा, म्हणजे परमुलखातला डॉक्टर पिशवी काढायला सांगेल तेव्हा तिच्याकडे दाखवायला काही असेल. भाऊसाहेब गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारीही आहेत. चौदा-पंधरा वर्षांची पोर, जिची पाळी अजून नीट बसलेली नाही, तिला बोहल्यावर चढवतात आणि सहा महिन्यांत ‘अजून दिवस का राहिले नाहीत’ म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढवतात. हे थांबवण्याचा अधिकार कागदावर आहे, तो वापरा.

आशाताईंनीही एक पथ्य पाळावे. कुणाची पाळी चुकली, कुणी किट नेले, हे दुसऱ्या उंबऱ्यावर जाता कामा नये. एक गोष्ट फुटली, की गावातल्या सगळ्या बायका पुढच्या वेळी मेडिकलच्या मागच्या दाराने जातील.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. येत्या खेपेला ती खरोखर भरवा. आरोग्यसेविकेला बोलवा, दार लावून घ्या आणि पुरुषांनो, तुम्ही बाहेर थांबा. मग घरी गेल्यावर बायकोला विचारा, ‘सभेत काय सांगितलं?’ पहिल्या दिवशी ती सांगणार नाही. दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. पण विचारणारा माणूस संशयाने विचारत नाही, काळजीने विचारतो आहे, हे एकदा तिला पटले, की दिनदर्शिकेवरची खूण ती आपणहून दाखवील. आणि पाळी लांबली तर घाबरून चुलीशी कुढत बसण्याऐवजी म्हणेल, ‘उद्या जरा उपकेंद्रावर सोडा मला.’ त्या दिवशी मोटरसायकल काढायची, एवढेच आपले काम.